भिंगातली रेघ

"त्रिशला, ये बघ, परत वाकली!"

बाहेरच्या खोलीतून आप्पांची हाक आली तेव्हा मी गॅसपाशी दुधावर नजर ठेवून उभी होते. दूध उतू गेलं तर जाऊ दे म्हणून तशीच धावले. आप्पा कॉम्प्युटरसमोर बसले होते, नाक पडद्याला लागेल इतके जवळ, डाव्या डोळ्याला भिंग आणि उजवा डोळा गच्च मिटलेला. पडद्यावर मोडी लिपीतला एक जुना कागद उघडलेला होता.

"कुठे आप्पा?"

"ही वरची रेघ बघ की. मधेच खाली लोंबलीय. आणि लोंबलीय तिथली दोन अक्षरं गिळून टाकलीत."

मी वाकून पाहिलं. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती.

"आता तर सरळ दिसतेय."

आप्पांनी भिंग खाली ठेवलं, मान मागे घेतली आणि दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. "हं. आता गेली वाटतं. मघाशी होती पण."

"असेल. मशीन गरम होत असेल."

 ते मशीन गरम का होत होतं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. आतून आई ओरडली, "दूध गेलं गं सगळं!" आणि मी सुटले.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होऊन गेली. तेव्हा मी पुण्यातला ॲनिमेशनचा कोर्स संपवून दिवाळीला सांगलीला घरी आले होते आणि मुलाखतींना दाखवायला म्हणून माझ्या कामाची तीन मिनिटांची फिल्म बनवत होते. घरचा कॉम्प्युटर जुना. मी बनवलेला घोडा पडद्यावर पळवायला गेलं की तो बिचारा चारही पायांनी लंगडायचा. मग दिवाळी उरकल्यावर एका दुपारी मी इंटरनेटवर वाचून ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढवला. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. बनवणाऱ्यानं कार्डाला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्यापुढे त्याला पळवायचं. एका छोट्या सॉफ्टवेअरमधली पट्टी उजवीकडे सरकवली की झालं. पट्टी थोडी थोडी सरकवा, असं तिथे लिहिलेलं होतं. मी एका दमात निम्मी सरकवली. थोडं थोडं हा प्रकार मला कधी जमलेलाच नाही.

घोडा दौडायला लागला. तिसऱ्या दिवशी त्याच्या पोटावर हिरवे-गुलाबी चौकोन उगवले. मग कधी चित्र मधोमध फाटून वरचा भाग एकीकडे सरकायचा, तर कधी अख्खा पडदा दोन सेकंद काळा व्हायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी पट्टी जरा मागे घेतली आणि कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. त्याच आठवड्यात आप्पांनी मला पहिल्यांदा हाक मारली, रेघ वाकलीय म्हणून. चोराच्या मनात चांदणं असतंच. मी लगेच ते माझ्या खात्यावर धरलं.

आता रेघेचं एवढं काय, तर मोडी वाचणाऱ्याचं सगळं त्या रेघेवर असतं. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक सलग रेघ ओढायचा आणि मग तिला खालून अक्षरं टांगत जायचा. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत. धरायला काय ती एक रेघ. आप्पा म्हणायचे, "रेघ सुटली की वाचणारा बुडाला."

आप्पा, म्हणजे भूपाल चौगुले, तेहेतीस वर्षं जमीनमोजणीच्या कचेरीत जुनं दप्तर वाचत होते. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका संस्थेनं त्यांना जुन्या पत्रांचं वाचन दिलं. दर महिन्याला पत्रांच्या फोटोंची सीडी यायची. आप्पा ती पडद्यावर लावून वाचायचे आणि फुलस्केप कागदावर बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरात उतरवून पोस्टानं पाठवायचे. माऊसनं अक्षर मोठं कसं करायचं हे मी त्यांना तीनदा शिकवलं होतं. त्यांना ते पटायचं नाही. मोठं केलं की अक्षराचा घाट जातो म्हणे. म्हणून कचेरीतलं ते पितळी कडीचं भिंग डाव्या डोळ्याला आणि उजवा डोळा बंद, हीच तेहेतीस वर्षांची बैठक त्यांनी कॉम्प्युटरसमोरही चालवली होती. आई म्हणायची, टीव्हीत दागिना हरवल्यासारखे बसतात.

हसायचो आम्ही, पण त्या कामानं आप्पा ताठ चालायचे. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले की चार माणसं त्यांना थांबवून घरातले कागद दाखवायची. चौगुल्यांनी वाचलं म्हणजे वाचलं, असं सांगलीत म्हटलं जायचं.

आणि एक दिवस दुपारी चारच्या सुमाराला पुण्याहून पळसुले बाईंचा फोन आला. संस्थेत त्याच ते काम बघायच्या. आप्पांचा फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे घरभर ऐकू आलं.

"चौगुले, तुमचे हे शेवटचे बावीस कागद आहेत ना, त्यात गडबड दिसतेय."

"गडबड? कसली?"

"दोन ठिकाणी नावं चुकलीत. एका पत्रात अर्धी ओळच नाही. मी मूळ पत्राशी ताडून पाहिलं. तुमच्याकडून असं कधी झालेलं नाही, म्हणून विचारते. बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे की." आप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. "मी परत बघतो बाई."

"उरलेले कागद दुसऱ्या कुणाला देऊ का? राग मानू नका, पण पुस्तक छापायला जायचंय. त्यात चूक राहून चालणार नाही."

"नको. मला थोडी मुदत द्या."

"पुढच्या सोमवारपर्यंत थांबते."

फोन बंद झाला आणि आप्पा तसेच बसून राहिले. समोर त्यांच्याच अक्षरातल्या कागदांच्या नकला होत्या. त्यांनी एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. पाच वाजले, साडेपाच झाले. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवतात. आईनं ताट वाढून दोनदा हाक मारली.

"अहो, दिवस मावळायला आला. उठा की."

"भूक नाही."

"सकाळपासनं काय खाल्लंय तुम्ही? ते कागद काय पळून चाललेत काय?"

आप्पा उठले नाहीत. दिवस मावळला. आता सकाळपर्यंत त्यांच्या पोटात काही जाणार नव्हतं. आईनं ताट झाकून ठेवलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "चाळीस वर्षांत एक चूक काढली नव्हती कुणी यांची."

माझ्यानं राहवेना. माझी पोळी घशाखाली उतरली होती आणि माझ्या पापानं आप्पा उपाशी बसले होते. मी बाहेर गेले आणि त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसले.

"आप्पा, चूक तुमची नाही. माझी आहे."

"तू कुठनं आलीस यात?"

मग मी सगळं सांगितलं. घोडा, पट्टी, हिरवे चौकोन, फाटणारा पडदा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय आणि ते पळवल्यावर चित्र कसं बिघडतं, हे त्यांना कळेल तसं सांगितलं. रेघ वाकते ती त्याच्यामुळे, अक्षरं गिळली जातात ती त्याच्यामुळे. मार खायची तयारी होती माझी. चोवीस वर्षांची होते तरी होती.

आप्पांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "म्हणजे मशीन चुकीचं दाखवतंय?"

"हो."

"म्हणजे मी चुकीचं वाचलेलं नाही?"

"नाही आप्पा. तुम्ही जे दिसलं ते वाचलंत."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि हसले. अगदी खदखदून. "गाढवे," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अगं ऐकलीस काय? ही आपली कारटी! हिनं केलंय सगळं!" एखादीनं पहिला नंबर काढावा तशा आवाजात त्यांनी आईला माझा गुन्हा सांगितला. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "ते मशीन एकदा कृष्णेत नेऊन सोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी पळसुले बाईंना फोन लावला. मशीन बिघडलं होतं, मुलीनं कायतरी केलं होतं, आता दुरुस्त होतंय, सोमवारी सगळं बिनचूक देतो. बस्तीतही सांगून आले. दोन दिवस जो भेटेल तो मला विचारायचा, "काय गं, घोडा पळवायला गेलीस म्हणे?" मी मान खाली घालून ऐकून घ्यायचे. आप्पांचं नाव वाचत असेल तर माझं जाऊ दे, असं मला मनापासून वाटत होतं.

आता दुरुस्ती माझ्यावर. पट्टी पूर्ण डावीकडे, मूळ जागी आणली. मला वाटलं, झालं. घोडा लावला आणि दहाव्या मिनिटाला त्याच्या मानेवर गुलाबी चौकोन. मग मी कार्डाचं सॉफ्टवेअर काढून नव्यानं घातलं. मॉनिटरची वायर बदलली. कॉम्प्युटरचा डबा उघडून ब्रशनं धूळ झाडली. कार्ड उपसून त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला, कारण आमच्याकडे कुठल्याही कार्डाला झालेल्या कुठल्याही रोगावर हे पहिलं औषध असतं. डब्याचं एक दार उघडं टाकून शेजारी टेबलफॅन लावला. चौकोन कमी झाले.

प्रत्येक उपायानंतर मी आप्पांना बसवायचे.

"आता बघा."

"छान दिसतंय."

"रेघ?"

"सरळ आहे."

"भिंगातनं बघा ना."

"बघितलं की. सरळ आहे म्हणतोय ना."

आणि तासाभरानं मी खोलीत डोकावावं, तर आप्पा भिंग डोळ्यापासून पुढे-मागे करत असायचे. मान इकडे तिकडे तिरकी करून एकाच ओळीवर अडलेले. मला बघितलं की भिंग खाली.

"वाकली का परत?"

"नाही गं. असंच. तू तुझं काम कर जा."

माझ्या डोक्याचा भुगा झाला. मी वहीत तक्ता करायला घेतला. कुठल्या वेळी काय बिघडतं ते लिहायचं. चौकोन यायचे ते मशीन तापल्यावर, माझा घोडा दहा मिनिटं पळाल्यावर. आप्पांचं भिंग मात्र सकाळी, मशीन नुकतं चालू केलेलं असताना, थंडगार असतानाही पुढे-मागे व्हायचं. चौकोन मला दिसायचे, आईला दिसायचे. रेघ कधी वाकली ते मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. दोन्हींचा मेळ बसेना. साप साप म्हणून मी भुई धोपटत होते आणि सापाचं शेपूटही हाती लागत नव्हतं.

शुक्रवारी मी इर्शादला बोलावलं. इर्शाद मुल्ला माझा शाळेतला वर्गमित्र. बसस्टँडमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं डब्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"काय केलीस गं हे? इस्त्री करालीस काय याच्यावर?"

मी परत सगळी कबुली दिली. एव्हाना ती मला पाठ झाली होती.

"चौकोन म्हणशील तर ते कार्डाचंच," इर्शाद म्हणाला. "आत गार ठेवायला गोंद असतो, तो वाळलाय. पंखापण नीट फिरेना. ते मी करतो. पण हे रेघेचं काय सांगालीस ते मला कळेना. कार्ड बिघडलं तर अख्खा पडदा बिघडेल. एकच रेघ कशी वाकवेल ते? तीपण थंड असताना?"

"म्हणजे?"

"म्हणजे याला दोन आजार असणार." त्यानं आप्पांकडे वळून विचारलं, "आप्पा, आता कशी दिसते रेघ?"

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. "आता काय नाही. बरं आहे सगळं. तेवढं लवकर दे म्हणजे झालं. सोमवार आलाय."

इर्शाद डबा घेऊन गेला. सोमवारची मुदत होती म्हणून मी सीडी त्याच्या दुकानात नेऊन उरलेल्या चौदा पत्रांचे मोठे प्रिंट काढून आणले. आप्पांना ते फार आवडलं. कागद तो कागद, म्हणाले. शनिवारी सकाळी न्याहारी करून ते खिडकीशी पाट मांडून बसले. चांगलं ऊन होतं. मांडीवर लाकडी फळी, तिच्यावर प्रिंट, डाव्या डोळ्याला भिंग. बाहेरच्या खोलीतलं कॉम्प्युटरचं टेबल रिकामं होतं, त्यावर आईनं वाळवणाची चाळण ठेवली होती. बारा दिवसांनी मला जरा मोकळं वाटलं.

अकरा वाजता इर्शादचा फोन आला.

"झालं बघ तुझं काम. रात्रभर चालू ठेवलं होतं, सकाळपासनं तुझा घोडापण पळवलाय. एक चौकोन नाही. ठणठणीत झालंय."

"आणि रेघ?"

"रेघेचं पत्रपण उघडून बघितलं. सरळ आहे गं. काय नाही त्यात."

मी फोन कानाला लावूनच उभी होते आणि खिडकीपाशी आप्पा स्वतःशीच पुटपुटले, "छे, परत वाकली."

मला क्षणभर काही समजेना. इर्शाद हॅलो हॅलो करत होता. मशीन बसस्टँडमागे होतं. आप्पांच्या मांडीवर साधा कागद होता. कागदाला ना वेग असतो ना पट्टी. मग माझ्या डोक्यात आलं की हो, मी प्रिंट काढले तेव्हा फाइलच बिघडलेली असणार! इतकं वेड लागलं होतं मला. पुढे जाऊन मी प्रिंट हातात घेतला. रेघ सरळ. मग वाटलं, भिंग. भिंगाची काच सरकली असणार, जुनंच तर आहे. मी आप्पांच्या हातातून भिंग घेतलं, माझ्या डाव्या डोळ्याला लावलं, उजवा मिटला आणि पाहिलं.

रेघ कडेपासून कडेपर्यंत सरळ होती. अक्षरंही होती सगळी जागच्या जागी.

"आप्पा," मी म्हणाले, "उजव्या डोळ्यानं बघा."

"मला सवय नाही उजव्याची."

"बघा म्हणते ना. डावा झाका."

त्यांनी भिंग उजवीकडे नेलं.  उजव्या डोळ्याला लावलं आणि रेघेवरून नजर कडेपर्यंत नेली.

"सरळ आहे?"

आप्पांनी मानेनंच हो म्हटलं.

"आता डाव्यानं."

"अगं राहू दे की आता."

"आप्पा!"

त्यांनी परत भिंग डावीकडे नेलं आणि मग बोटानं कागदावर दाखवलं, कशी दिसते ते. बोट रेघेवरून निघालं, मधे खाली उतरलं, थोडा वेळ तिथेच थांबलं आणि परत वर आलं. "इथं काय दिसत नाही," ते म्हणाले. "मळकट डाग आहे नुसता."

मी रिक्षा बोलावली. आई देवासमोर होती, तिला नुसतं मिरजेला जाऊन येतो म्हणून सांगितलं. वाटेत आप्पा एकच वाक्य बोलले, "सोमवारचे कागद राहिले."  मला फार भीती वाटत होती.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर बाईंनी आप्पांच्या डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवलं, मग आतल्या खोलीत नेऊन यंत्रानं डोळ्याचा तळ तपासला. नंतर चौकटी-चौकटींचा एक कागद समोर धरला आणि एकेक डोळा झाकून विचारलं. डावा डोळा उघडा असताना आप्पांनी तोच मधला भाग बोटानं दाखवला.

"आजोबा, डोळ्याच्या पडद्यामागे नाजूक रक्तवाहिन्या वाढल्यात आणि त्या झिरपतायत. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते." डॉक्टर शांतपणे बोलत होत्या. "डाव्या डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. आज पहिलं देऊ. हे कधीपासून आहे?"

"आठ-दहा दिवस," आप्पा म्हणाले.

"बारा," मी म्हणाले. "बारा दिवस झाले. मला सांगितल्याला."

"नीट आठवून सांगा. त्याच्यावर पुढचं ठरणार आहे. मधे जो डाग तयार झालाय, तो बारा दिवसांचा वाटत नाही."

आप्पांनी धोतराचं टोक चुरगाळलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"पर्युषणात सुरू झालं," ते म्हणाले.

पर्युषण म्हणजे भाद्रपद. तीन महिने होत आले होते.

डॉक्टर लिहीत होत्या, त्यांचा हात थांबला. "तेव्हा आला असता तर बरंच राखता आलं असतं. आता डाव्या डोळ्याची मधली नजर परत येईल असं मी सांगत नाही. आहे तेवढी धरून ठेवू. उजवा अजून चांगला आहे. त्याच्यावर मात्र लक्ष ठेवायचं."

बाहेर बाकावर आम्ही नंबराची वाट बघत बसलो. थेंबांमुळे आप्पांचे डोळे उजेडात मिचमिचत होते. मला राग आला होता, आणि रडू येत होतं, आणि यातलं आधी काय करावं तेही कळत नव्हतं.

"पर्युषणात मी पुण्यात होते आप्पा. मशीनला माझा हातसुद्धा लागलेला नव्हता."

"व्हय."

"मग मी सांगितलं तेव्हा बोलला का नाहीत? मी इतके दिवस वायरी बदलत बसले. मी म्हणजे... मला वाटलं मीच तुमचं..."

"अगं, मी रेघ वाकल्याचं कुणाला बोललोच नव्हतो आधी. वय झालं म्हणायचं आणि गप्प बसायचं. मग तू घरी आलीस, ते मशीन सारखं बंद पडाया लागलं, म्हणून तुला हाक मारून दाखवलं. आणि त्या दिवशी तू येऊन म्हणालीस, माझ्यामुळं झालंय." आप्पांनी मिचमिचते डोळे पुसले. "मला वाटलं, पोर शिकलेली आहे, ती म्हणते म्हणजे तसंच असेल."

मी त्यांच्याकडे वळले.

"नाही गं," ते म्हणाले. "वाटलं नाही. मला ते तसंच असायला पाहिजे होतं."

त्यानंतर मी रडले. दवाखान्यातली माणसं बघत होती तरी रडले. खरं बोलायचं म्हणून मी त्या संध्याकाळी त्यांच्यापुढे जाऊन बसले होते, आणि माझ्या त्या खरेपणानंच त्यांना आणखी काही दिवस लपायला जागा करून दिली होती. आप्पांनी चाचपडत माझा हात शोधला आणि धरून ठेवला.

"पळसुले बाईंना फोन लाव," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"आता? आधी इंजेक्शन होऊ दे. आणि सोमवारचं मी सांगते ना त्यांना. आजारी आहेत म्हणते."

"तू नको सांगूस. लावून माझ्याकडे दे."

मी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"हं, चौगुले, बोला," पळसुले बाईंचा आवाज आला. "झालं का मशीन दुरुस्त?"

"झालं बाई. मशीनचं काही नव्हतं." आप्पा ताठ बसले होते, कचेरीत साहेबासमोर बसावं तसे. "माझा डावा डोळा गेलाय. वाचायचा डोळा. ते बावीस कागद दुसऱ्याकडनं वाचून घ्या."

 मग बाई म्हणाल्या, "अरेरे. अहो पण, असं कसं एकदम... बरं, तुम्ही काळजी घ्या. बावीसच ना? तेवढे मी बघते."

मी आप्पांच्या तोंडाकडे बघत होते. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाईंनी बाकीचे कागद तपासले नव्हते, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

"बावीस नाही," आप्पा म्हणाले. "त्याच्या आधीचेपण. भाद्रपदापासनं मी पाठवलेलं सगळं. एकूण शहात्तर होतील. त्यातलं माझं काहीच धरू नका."

"चौगुले, त्यातले निम्मे छापायला गेलेत हो."

"मग थांबवा छपाई."

पळसुले बाई पुढे काहीतरी बोलत राहिल्या. आप्पांनी फोन डोळ्यांसमोर आणला, बोटानं त्याच्यावर इकडे तिकडे चाचपलं आणि माझ्यासमोर केला.

"बंद कर गं हे," ते म्हणाले. "मला दिसेना कुठलं बटण ते."